आधी कॅटलॉग, मग वेबसाइट

स्वतःचं छोटं म्युझिक लेबल (गाणी प्रकाशित करणारी कंपनी) सुरू केलेले लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: साइट कशावर बनवू? दहा-वीस रिलीज असलेल्या लेबलची साइट कशावरही चालते. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. एखाद्या सिनेमावाल्यांचा मेल येतो, 'त्या जुन्या ईपीतल्या दुसऱ्या गाण्याचा मास्टर उद्यापर्यंत द्याल का, आणि गायकाच्या आवाजाशिवायचाही?' ईपी म्हणजे चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम, मास्टर म्हणजे प्रकाशनासाठी तयार झालेली अंतिम फाइल. तेव्हा कुठली हार्ड डिस्क उघडायची हेच कुणाला ठाऊक नसतं.

म्हणून आधी प्रत्येक रिलीजला एक कॅटलॉग नंबर. लेबलच्या नावातली दोन-तीन अक्षरं आणि पुढे ००१, ००२. हाच नंबर फोल्डरला, करारावर, कव्हरच्या फाइलला आणि वेबपानाच्या पत्त्यातही. पत्त्यात अल्बमचं नाव घालू नका; कलाकार ऐनवेळी नाव बदलतात. रिलीज बारगळलं तर तो नंबर तसाच सोडून द्या, दुसऱ्याला चिकटवू नका.

फोल्डरमध्ये मास्टर, मिक्स (मास्टरिंगआधी सगळे आवाज एकत्र केलेली फाइल), सुटे ट्रॅक (प्रत्येक वाद्य-आवाजाची वेगळी फाइल), कव्हर, कागदपत्रं आणि एक साधी टेक्स्ट फाइल. त्या फाइलीत कोणी काय वाजवलं, कुठे रेकॉर्ड झालं, मिक्स कोणाचं, मास्टरिंग कोणाचं, शब्द-संगीत कोणाचं, कोणाचा वाटा किती. हे रिलीजच्या आठवड्यातच लिहा. दोन वर्षांनी तिसऱ्या गाण्यावर बास कोणी वाजवला होता, यावर बँडमध्येच भांडणं होतात. आयएसआरसीही तिथेच नोंदवा. हा १२ अक्षर-आकड्यांचा कोड गाण्याचा नसतो, रेकॉर्डिंगचा असतो. तेच गाणं लाइव्ह रेकॉर्ड केलं तर नवा कोड; तेच रेकॉर्डिंग पुढे एखाद्या संकलनात घेतलं तर जुनाच. बारकोड मात्र रिलीजचा.

आता ऑडिओ. मास्टर २४ बिटचा आला असेल तर तसाच ठेवा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतात, म्हणजे ४० मिनिटांचा अल्बम १.४ जीबीच्या आसपास. आजच्या डिस्कला हे काहीच नाही. मी वेव्हचं (मूळ, न दाबलेल्या ऑडिओ फाइलचं) फ्लॅक, म्हणजे काहीही न गमावता आकाराने लहान केलेली फाइल, करून ठेवते: जागा बरीच वाचते, आवाजातलं काहीही जात नाही, आणि फाइलच्या आतच मूळ ऑडिओचा एमडी५, म्हणजे बोटाच्या ठशासारखा तपासणी-आकडा असतो, त्यामुळे फाइल बिघडली का हे एका कमांडने तपासता येतं. एमपीथ्री फक्त साइटवर ऐकवायला.

कलाकाराकडून आलेली वेव्ह डोळे झाकून घेऊ नका. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे कुठल्या उंचीचे स्वर किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात, उघडा. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सगळं काळं दिसलं, तर बहुधा कुणीतरी एमपीथ्रीचीच वेव्ह करून पाठवली आहे. फाइल फुगली, गेलेला आवाज परत आला नाही. गोड बोलून मूळ फाइल मागा.

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या सेशनच्या प्रोजेक्ट फाइलवर अजिबात विसंबू नका. काही वर्षांनी सॉफ्टवेअर बदललेलं असतं, एखादं प्लगइन (त्याला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) बंद पडलेलं असतं आणि सेशन उघडतच नाही. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह म्हणून बाहेर काढा, गिटार दोनच मिनिटं वाजत असली तरी. मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ते ट्रॅक एकाखाली एक ठेवले की आपोआप जुळतात. सिनेमावाल्यांना हवं असलेलं गायकाच्या आवाजाशिवायचं गाणं यातूनच निघतं.

या सगळ्या फोल्डरच्या प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. स्ट्रीमिंगवर आहे म्हणजे जपलेलं आहे, असं समजू नका. मायस्पेसने २०१९ मध्ये सर्व्हर बदलताना वर्षानुवर्षांचं संगीत गमावल्याचं स्वतःच सांगितलं होतं. जुन्या सीडी-आर (घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी) असतील तर आधी त्या उतरवून घ्या.

एवढं झालं की साइट दोन दिवसांचं काम. एका रिलीजला एक पान, शक्यतो साधं स्टॅटिक एचटीएमएल, म्हणजे डेटाबेसशिवाय चालणारी तयार फाइल. कव्हर, तारीख, गाण्यांची लांबी, श्रेयनामावली. ती कव्हरच्या चित्रात नको, मजकुरात हवी, म्हणजे शोधल्यावर सापडते. प्लेअर आपोआप वाजता कामा नये, आणि दाबल्याशिवाय त्याने फाइलही ओढू नये. पत्रकारांसाठी मोठं कव्हर आणि छायाचित्रकाराच्या नावासकट फोटो.

विकायच्या सीडी-कॅसेट संपल्या तर पान काढू नका, 'संपली' लिहा. कराराची मुदत सरली तर प्लेअर आणि विक्री काढा, श्रेयनामावली राहू द्या. वाजवणाऱ्यांनी ते काम केलंच होतं. पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्यावर कायमचं रीडायरेक्ट टाका.

आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. साइट बनवून देणाऱ्या मित्राच्या नावावर असेल तर मैत्री शाबूत असतानाच लेबलच्या नावावर करून घ्या, नूतनीकरणाचे मेल दोघांना जातील असं बघा, आणि ज्या कार्डावरून पैसे कापले जातात त्याची मुदत तपासा.