देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे कसे मोजावे: जीएनआयची मालिका मांडण्याची पद्धत

समजा, बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका घरातला मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो आणि दरमहा आईला पैसे पाठवतो. शेजारची सून मकरपुऱ्याच्या कारखान्यात आहे. पगार रुपयांत मिळतो, पण कंपनीची मालकी परदेशी. समोरच्या घरातली मुलगी टोरँटोत एमएस करते आहे आणि तिची फी इथून जाते. या तीन घरांतले कोणते पैसे भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात येतात? याचे उत्तर नीट देता आले, तर स्थूल राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे जीएनआय, समजले असे धरा. पुढची आकडेमोड शाळेतल्या गुणाकार-भागाकाराची आहे. अवघड जाते ते वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत ना, हे तपासणे.

आधी सूत्र

जीएनआय = जीडीपी + परदेशातून मिळालेले प्राथमिक उत्पन्न − परदेशाला दिलेले प्राथमिक उत्पन्न

जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत वर्षभरात झालेले एकूण उत्पादन. प्राथमिक उत्पन्न म्हणजे श्रमाचा आणि भांडवलाचा मोबदला: वेतन, व्याज, लाभांश, नफा. नुसती पाठवलेली रक्कम यात बसत नाही. न्यू जर्सीतला मुलगा वर्षाहून जास्त काळ तिथे राहून कमावतो, म्हणून हिशेबापुरता तो अमेरिकेचा रहिवासी. त्याचा पगार अमेरिकेच्या जीएनआयमध्ये जातो. आईच्या खात्यात येणारे पैसे म्हणजे ‘हस्तांतरण’, त्यांना दुय्यम उत्पन्न म्हणतात. पासपोर्ट कोणता आहे, याला इथे महत्त्व नाही. तोच मुलगा चार महिन्यांच्या कामासाठी गेला असता आणि तिथल्या मालकाने पगार दिला असता, तर तो पगार भारताच्या जीएनआयमध्ये आला असता.

टोरँटोतल्या मुलीसाठी नियम वेगळा. विद्यार्थी आणि उपचारासाठी गेलेले रुग्ण वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिले तरी मायदेशाचेच रहिवासी मानले जातात. तिची फी ही भारताने सेवा आयात केल्याची नोंद होते.

मकरपुऱ्याच्या कारखान्याचे दोन भाग पडतात. सुनेचा पगार आणि कारखान्याची बाकी मूल्यवृद्धी भारताच्या जीडीपीत येते. परदेशी मालकाच्या वाट्याचा नफा मात्र जीएनआय काढताना वजा होतो, आणि हा नफा बाहेर न नेता त्याने इथेच नवे यंत्र घेतले तरीही वजाच होतो. आधी नफा मालकाला दिला आणि मग त्याने तो परत गुंतवला, असे हिशेबात धरतात. नवशिक्यांना हे पटायला वेळ लागतो. एनआरआय ठेवींवर आपल्या बँका देतात ते व्याजही वजा होते, तर रिझर्व्ह बँकेच्या परकीय गंगाजळीवर मिळणारे व्याज मिळवायचे असते.

आकडे कुठून घ्यायचे

भारतासाठी मूळ स्रोत म्हणजे सांख्यिकी मंत्रालयाचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय. त्यांच्या वार्षिक तक्त्यात जीडीपी, निव्वळ प्राथमिक उत्पन्न, जीएनआय, घसारा (यंत्रे-इमारतींची झीज), निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न, लोकसंख्या आणि दरडोई आकडे एकाच पानावर, चालू (त्या-त्या वर्षाच्या) आणि स्थिर (एका ठरावीक वर्षाच्या) किमतींत मिळतात. जुनी वर्षे एकत्र हवी असतील तर रिझर्व्ह बँकेची वार्षिक सांख्यिकी पुस्तिका सोयीची. अनेक देशांची तुलना करायची असेल तर जागतिक बँकेचा विदागार घ्या. एकाच मालिकेत दोन स्रोतांचे आकडे मात्र मिसळू नका.

उतरवून घेतानाच दोन चुका होतात. पहिली वर्षाच्या नावाची. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. २०११-१२ या वर्षाला जागतिक बँक ‘२०११’ म्हणते. कुणी ते २०१२ समजून शेजारी ठेवले की अख्खी मालिका एका घराने सरकते आणि मंदीचे वर्ष चुकीच्या जागी दिसते. दुसरी चूक शून्यांची: १०० कोटी म्हणजे १ अब्ज, १ लाख कोटी म्हणजे १ ट्रिलियन. एक्सेलमध्ये वरच्या ओळीतच ‘लाख कोटी रुपये’ लिहून टाका आणि शेवटपर्यंत तेच एकक ठेवा.

एक वर्ष करून बघा

२०११-१२, चालू किमती, आकडे कोटी रुपयांत:

जीडीपी: ८७,३६,३२९
परदेशाशी निव्वळ प्राथमिक उत्पन्न: −७६,८२४
जीएनआय: ८६,५९,५०५

जीएनआयला जीडीपीने भागले तर ९९.१ टक्के येते. हे गुणोत्तर प्रत्येक वर्षासाठी वेगळ्या रकान्यात काढून ठेवा, ते तुमचा पहारेकरी आहे. अलीकडच्या दशकांत भारतासाठी ते ९८ आणि १०० टक्क्यांच्या मधेच राहते, कारण आपण परदेशी भांडवलाला जेवढे देतो तेवढे आपल्याला मिळत नाही. एखाद्या वर्षी ते १०२ किंवा १०३ आले, तर बहुतेक वेळा परदेशातून घरी आलेले पैसे चुकून मिळवलेले असतात. २०२२ साली ही रक्कम १०० अब्ज डॉलरच्या वर होती, त्यामुळे चूक लहान राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आंतरराष्ट्रीय देण्याघेण्याच्या तक्त्यात प्राथमिक आणि दुय्यम उत्पन्नाच्या ओळी एकाखाली एक असतात, घोटाळा तिथेच होतो. जपानसारख्या देशाची परदेशात मोठी गुंतवणूक आहे, त्याचे गुणोत्तर १०० च्या वर जाणे स्वाभाविक आहे.

महागाई बाजूला काढणे

चालू किमतींची मालिका जवळजवळ नेहमीच वर जाते. तिच्यातली खरी वाढ वेगळी करायला किंमत निर्देशांकाने भागावे लागते. रावपुऱ्यातल्या एका फरसाणवाल्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. गेल्या वर्षी त्याने १०० किलो लिलो चिवडा ३२० रुपये भावाने विकला: ३२,००० रुपये. यंदा १०४ किलो, भाव ३५२: ३६,६०८ रुपये. विक्री १४.४ टक्के वाढली, भाव १० टक्के. घाईत १४.४ मधून १० वजा केले तर ४.४ येते, पण चिवडा वाढला फक्त ४ टक्के. म्हणून वजाबाकी करू नका, १.१४४ ला १.१० ने भागा. महागाई २-३ टक्के असते तेव्हा फरक दिसतही नाही. १० च्या पुढे गेली की डोळ्यांत भरतो.

देशासाठी भागायचे कशाने? किरकोळ महागाईचा निर्देशांक हाताशी असतो म्हणून तोच वापरला जातो, पण तो फक्त घरखर्चाच्या टोपलीचा. पूल, यंत्रे, सरकारी सेवा, निर्यात त्यात नाहीत. जीडीपीसाठी त्याचा स्वतःचा अवस्फीतिकारक असतो: चालू किमतींचा जीडीपी ÷ स्थिर किमतींचा जीडीपी × १००. परदेशातून आलेल्या व्याजाला किंवा नफ्याला मात्र किलो-लिटर नसते. त्यातून देशात काय विकत घेता येईल एवढेच विचारता येते, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमावली तिथे देशांतर्गत खर्चाचा किंमत निर्देशांक सुचवते. सरकारी तक्त्यात स्थिर किमतींचा जीएनआय तयार मिळतो. तो असेल तर स्वतः भागायला बसू नका.

हे किती महत्त्वाचे आहे ते कोरोनाच्या वर्षात दिसले. २०१९-२० चा जीडीपी चालू किमतींत सुमारे २०१ लाख कोटी, २०२०-२१ चा सुमारे १९८.५. घट सव्वा टक्क्याची. स्थिर किमतींत मात्र तो सुमारे १४५.३ वरून १३६.९ वर आला, म्हणजे ५.८ टक्के घट. मधला फरक महागाईने झाकला होता.

पायाभूत वर्षांचे सांधे

मालिका सर्वांत जास्त इथे फसते. पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्या भावांनी स्थिर किमती मोजतात ते वर्ष, भारताने वेळोवेळी बदलले: १९४८-४९, १९६०-६१, १९७०-७१, १९८०-८१, १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५, २०११-१२, त्यानंतरचे २०२२-२३ ठरवले आहे. दर बदलात फक्त भाव नवे होत नाहीत. नवी क्षेत्रे, माहितीचे नवे स्रोत, कधी व्याख्याही बदलते. २०१३-१४ ची वाढ जुन्या मालिकेत ४.७ टक्के होती, ती जानेवारी २०१५ मध्ये नव्या मालिकेत ६.९ झाली. एका रात्रीत देश श्रीमंत झाला नव्हता. कंपन्यांच्या ताळेबंदांची नवी माहिती आत आली होती, आणि ४.७ हा घटक किमतींवरचा (अप्रत्यक्ष कर-अनुदाने वगळलेला) आकडा होता तर ६.९ बाजारभावावरचा. जुन्या मालिकेच्या शेवटच्या आकड्याशेजारी नव्या मालिकेचा पहिला आकडा ठेवून वाढ काढली, तर ती वाढ कागदावरच घडते.

सांधा असा घाला. दोन्ही मालिकांत असलेले एक सामाईक वर्ष शोधा. समजा जुनी मालिका ४००, ४४०, ४८० अशी आहे आणि शेवटच्या वर्षाचा नवा आकडा ५०० आहे. ५०० ÷ ४८० = १.०४१७. जुने सगळे आकडे याने गुणा: ४१६.७, ४५८.३, ५००. जुने वाढीचे दर, १० आणि ९.१ टक्के, जसेच्या तसे राहतात, फक्त पातळी नव्या मापावर येते. शेती, उद्योग, सेवा वेगवेगळे सांधले तर त्यांची बेरीज सांधलेल्या एकूण आकड्याशी जुळणार नाही. ती ओढूनताणून जुळवू नका, तळाशी ‘फरक’ म्हणून ओळ ठेवा. २००४-०५ ते २०११-१२ या काळाची अधिकृत मागील मालिका नोव्हेंबर २०१८ मध्ये आली आहे. अधिकृत सांधा असेल तिथे तोच वापरावा.

काही आकडे मात्र सांधता येत नाहीत. १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण असलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी ब्रिटिश हिंदुस्थानचे उत्पन्न ३४० कोटी रुपये आणि दरडोई २० रुपये काढले होते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय उत्पन्न समितीने, ज्यात आपले धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव होते, १९४८-४९ साठी दरडोई २४६.९ रुपये काढले. ‘ऐंशी वर्षांत बारा पट’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण दादाभाईंनी फक्त वस्तूंचे उत्पादन धरले, सेवा धरल्याच नाहीत. मधल्या काळात प्रदेश बदलला, भाव बदलले. हे दोन आकडे एका आलेखावर ठेवू नयेत.

दरडोई आणि डॉलर

वर्तमानपत्रात ‘दरडोई उत्पन्न’ म्हणून येतो तो आकडा भारतात बहुधा घसारा वजा केलेल्या, म्हणजे निव्वळ राष्ट्रीय उत्पन्नाचा असतो. २०११-१२ साठी १२२ कोटी लोकसंख्येवर तो ६३,४६२ रुपये होता. त्याच वर्षाच्या जीएनआयला १२२ कोटींनी भागले तर सुमारे ७०,९८० येतात. जागतिक बँकेचा दरडोई आकडा स्थूल असतो. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून ‘सरकार कमी दाखवते’ म्हणणारे लेख दरवर्षी वाचायला मिळतात.

डॉलरमध्ये मालिका हवी असेल तर त्या-त्या वर्षाच्या दराने भागून मोकळे होऊ नका. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. त्या दराने भागले तर देशाचे उत्पन्न एका दिवसात ३६.५ टक्क्यांनी घटलेले दिसते. असे झटके बोथट करायला जागतिक बँक ‘अ‍ॅटलस’ पद्धत वापरते: यंदाचा आणि आधीच्या दोन वर्षांचा विनिमय दर, देशातल्या आणि जगातल्या महागाईतला फरक हिशेबात घेऊन, सरासरीने. देशांचे उत्पन्नगट याच आकड्यावर ठरतात आणि दर १ जुलैला सीमा बदलतात. जुलै २०२४ मध्ये कनिष्ठ-मध्यम गट १,१४६ ते ४,५१५ डॉलरचा होता आणि भारत त्यात होता. राहणीमानाची तुलना करायची असेल तर क्रयशक्ती समतेचे, म्हणजे देशोदेशीच्या भावांतला फरक धरलेले, आकडे घ्या. अ‍ॅटलस आणि क्रयशक्ती यांची मिसळ चालत नाही.

वाढीचा दर

सरासरी वार्षिक वाढ म्हणजे (शेवटचा ÷ पहिला) चे न-वे मूळ, वजा १. ‘न’ म्हणजे मधली अंतरे. २०११-१२ ते २०२३-२४ मध्ये वर्षे १३, अंतरे १२. २०११-१२ च्या मालिकेत स्थिर किमतींचा जीडीपी या काळात ८७.४ वरून सुमारे १७६.५ लाख कोटींवर गेला: १२ ने ६ टक्के येतात, चुकून १३ घेतले तर ५.६. सुरुवातीला किंवा शेवटी २०२०-२१ सारखे पडझडीचे वर्ष घेऊ नका. हवा तो निष्कर्ष काढण्याची ती सर्वांत सोपी युक्ती आहे.

जीएनआयही कधी देशाबाहेरच्या घडामोडींनी फुगतो. आयर्लंडने २०१५ साठी २६.३ टक्के जीडीपी वाढ जाहीर केली, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. जीएनआयनेही ते सगळे गाळले नाही, म्हणून त्या देशाने स्वतःचा सुधारित जीएनआय तयार केला.

गुजरातचा किंवा बडोदे जिल्ह्याचा जीएनआय शोधत बसू नका. राज्यांच्या सीमेवर व्याज-नफ्याची ये-जा कुणी नोंदवत नाही, त्यामुळे राज्यांसाठी ‘राज्यांतर्गत उत्पादन’च मिळते.

शेवटचा रकाना तारखेचा. २०२०-२१ ची घट जानेवारी २०२१ मध्ये ७.७ टक्के सांगितली गेली, फेब्रुवारीत ८.०, मे महिन्यात ७.३, जानेवारी २०२२ मध्ये ६.६ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८. पाचही आकडे अधिकृत आहेत. तक्त्याच्या कोपऱ्यात आकडे उतरवल्याची तारीख, पायाभूत वर्ष आणि ‘आगाऊ’, ‘तात्पुरता’ की ‘सुधारित’ हे लिहिले नसेल, तर सहा महिन्यांनी तुमचाच आकडा तुम्हाला पुन्हा सापडणार नाही.