शिक्षा झाल्यावरचा जामीन: माझ्या पहिल्या अर्जाची फजिती

वकिलीचं दुसरं वर्ष. नाशिकच्या सत्र न्यायालयात आमच्या पक्षकाराला ३०७ मध्ये, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाखाली, सात वर्षं लागली. खटला चालू असताना तो बाहेरच होता, निकालाच्या संध्याकाळी नाशिकरोड कारागृहात गेला. सीनियर म्हणाले, "अपील टाक, सोबत जामीन." बस्स, एवढंच मार्गदर्शन.

मी जुना जामीन अर्ज काढला आणि कलम बदललं. पत्ता पक्का, आई म्हातारी, पूर्वीचा गुन्हा नाही, पळून जाणार नाही. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून हायकोर्टात उभा राहिलो. न्यायमूर्तींनी एवढंच विचारलं, "निकालात चूक काय आहे ते सांगा." मला सांगता येईना. अर्ज मागे घ्यावा लागला. दुसरा अर्ज सुनावणीला लागेपर्यंत अडीच महिने गेले, आणि ते पक्षकाराने आत काढले.

हा खड्डा नीट बघून ठेवा. खटल्याआधी आरोपी निर्दोष आहे असं धरून चालतात. शिक्षा झाली की ते गृहीतक संपलं. आता त्याला सोडायचं तर अपिलाच्या कोर्टाला कारणं लेखी द्यावी लागतात (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०). ती कारणं आईच्या वयातून निघत नाहीत, निकालपत्रातून काढावी लागतात. आमच्या केसमध्ये डॉक्टरांनी उलटतपासणीत जखम साधी असल्याचं कबूल केलं होतं, आणि निकालात त्यावर एक ओळही नव्हती. पहिल्या अर्जात मी ते लिहिलंच नव्हतं!

दुसऱ्या वेळी उलट झालं. सगळी उलटतपासणीच अर्जात ओतायला निघालो होतो. तेही चुकीचं. या टप्प्यावर कोर्ट पुरावा पुन्हा तोलत नाही. वरवर पाहताच दिसेल अशी चूक हवी. ओमप्रकाश साहनी प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय.

घाबरू नका, कायदा इतका कोरडाही नाही. अपील वेळेत ऐकता येत नसेल तर सबळ कारणाशिवाय माणसाला आत ठेवू नये, असं काश्मिरा सिंग निकालात १९७७ मध्येच म्हटलंय, आणि तो खुनाचा खटला होता. शिक्षा ठरावीक वर्षांची असेल तर उदार दृष्टीने बघावं, हे भगवान रामा शिंदे गोसाई (१९९९) मध्ये आहे. म्हणून आधी किती काळ आत काढला आणि अपील कधी बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) येईल, हे अर्जात आकड्यांत लिहा. जन्मठेपेत मात्र यातल्या दुसऱ्या निकालावर विसंबून पक्षकाराला आशा लावू नका.

तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर खालचं कोर्टच सोडू शकतं, पण तेवढ्यापुरतंच, अपील दाखल करून वरच्या कोर्टाचा जामिनाचा आदेश मिळवेपर्यंत. त्या आदेशातली शेवटची तारीख डायरीत लाल शाईने लिहा. सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ६०. निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि फुकट मिळते. ती त्याच रात्री वाचून काढा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तयार ड्राफ्ट वापरणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही, मीही त्यातलाच होतो. सीनियर ओरडणारा चालेल, फाइल न वाचणारा नको.

आणि कारागृहात भेटायला गेलात की पक्षकार पहिल्यांदा "कधी सुटेन?" हेच विचारतो. तारीख सांगू नका. मी सांगितली होती.