टनभर मळीतून इथेनॉल किती? हिशेब असा मांडा

लातूर-बीडकडच्या उसाच्या पट्ट्यात कारखान्याला जोडून डिस्टिलरी असते. रासायनिक समीकरणावरून किती माल निघेल हे काढायचं गणित शाळेतल्या मॅग्नेशियमच्या फितीपेक्षा तिथल्या मळीवर (साखर काढून उरलेल्या दाट पाकावर) लवकर कळतं.

आधी समीकरण संतुलित करा: १ ग्लुकोज → २ इथेनॉल + २ कार्बन डायऑक्साइड. इथेनॉलमागचा २ राहिला की उत्तर निम्मंच येतं. रेणुवस्तुमानं अनुक्रमे १८०, ४६ आणि ४४; तितके ग्रॅम म्हणजे १ मोल.

समजा, मळी १ टन आणि तिच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये आंबणारी साखर ४५ टक्के. गणितात ४५० किलोच धरा. उरलेलं पाणी, क्षार वगैरे यीस्टच्या कामाचं नाही.

४,५०,००० ग्रॅम ÷ १८० = २५०० मोल ग्लुकोज
२५०० × २ = ५००० मोल इथेनॉल
५००० × ४६ = २,३०,००० ग्रॅम, म्हणजे २३० किलो

ताळा करा: वायू ५००० × ४४, म्हणजे २२० किलो. २३० + २२० = ४५०. जुळलं. रोजच्या कामाला मोलही नकोत, साखरेच्या किलोंना ९२/१८० ने गुणलं की झालं.

लिटर हवे असतील तर किलोंना इथेनॉलच्या घनतेने, ०.७८९ ने भागा: साधारण २९१ लिटर. बरेच जण इथे गुणतात आणि १८१ काढतात. इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे लिटरचा आकडा किलोपेक्षा मोठाच यायला हवा.

रिपोर्टमधली साखर कशाच्या हिशेबात दिलीय, तेही बघा. सुक्रोज फुटताना पाणी घेतं: ३४२ किलो सुक्रोज + १८ किलो पाणी = ३६० किलो ग्लुकोज-फ्रुक्टोज. आकडा सुक्रोजचा असेल तर आधी ३६०/३४२ ने गुणा. हे सुटलं तर पाच टक्के इथेनॉल कागदावरच गायब होतं.

२९१ लिटर ही झाली कमाल मर्यादा. थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीला वापरतं, थोडीचं ग्लिसरॉल होतं, थोडी जिवाणू आंबट करून टाकतात. आंबवण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर २०७ किलो, म्हणजे सुमारे २६२ लिटर. ऊर्ध्वपातनातली घट वेगळी. उन्हाळ्यात कूलिंग कमी पडून टाकी पस्तिशीच्या वर गेली की साधं यीस्ट मंदावतं आणि साखर तशीच उरते. अशा वेळी समीकरण तपासत बसू नका. आधी वॉशमधली (टाकीतल्या आंबवलेल्या द्रावणातली) उरलेली साखर मोजा. आणि उतारा २९१ च्या वर दिसला तर वजनकाटा किंवा साखरेचा रिपोर्ट, दोन्हींपैकी एक चुकलाय.