लैंगिक आरोग्याची माहिती घेताना सिस्टरांनी या चुका टाळाव्यात

केस पेपरवर ‘विवाहित’ लिहिलं की लैंगिक आरोग्याचा विषय संपला, असं आपल्या वॉर्डांत धरून चालतात. शुगर, ॲलर्जी, शौच-लघवी सगळं विचारलं जातं, नेमकं हेच सुटतं. पेशंट लाजतो म्हणून नव्हे. बहुतेकदा आपणच लाजतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नातेवाइकांसमोर विचारणं. ठाण्यात काय किंवा वाशीत काय, ओपीडीत बाई एकटी क्वचितच येते. सासूच्या देखत “संबंधाच्या वेळी दुखतं का?” विचारलं तर उत्तर “नाही” हेच येणार. ते एकदा केस पेपरवर चढलं की पुढे कुणी पुन्हा विचारत नाही. बरं, “तुम्ही बाहेर जा” म्हटलं की सासूच्या मनात शंका. त्यापेक्षा नियमच सांगा: “काकू, तपासणीच्या वेळी आम्ही सगळ्याच पेशंटना एकटं भेटतो, पाच मिनिटं बाहेर बसा.” आणि पडदा ओढला म्हणजे खोली झाली नाही, पलीकडच्या खाटेवर सगळं ऐकू जातं. ड्रेसिंग रूम रिकामी असेल तर तिथे न्या.

मग थेट प्रश्नावर उडी नको. लैंगिक अडचणींवर पायरीपायरीने बोलण्याची ‘प्लिसिट’ पद्धत मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ साली मांडली, तिची पहिली पायरीच परवानगीची आहे. “डायबिटीसमध्ये बऱ्याच जणांना शारीरिक संबंधात अडचण येते. त्याबद्दल विचारलं तर चालेल का?” एवढं पुरतं. नाही म्हणाले तर ताणू नका. “पुढे कधी वाटलं तर सांगा” म्हणून सोडा.

तोंडावरून अंदाज बांधण्याची खोड आपल्या सगळ्यांनाच असते. तुर्भ्याला गाडी लावणारा ट्रक ड्रायव्हर आला की एचआयव्ही आठवतो, नौपाड्यातले निवृत्त काका आले की काहीच आठवत नाही. काकांनाही विचारायचं. पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणामुळे त्रास होत असेल, तर तिलाही. जोडीदार आहे का, एक की जास्त, पुरुष की स्त्री, निरोध वापरता का, आधी कधी गुप्तरोग झाला होता का, मूल हवंय की नकोय: हे प्रश्न सगळ्यांना सारखेच, त्याच आवाजात.

औषधांची चौकशी अर्धवट राहते, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ॲटेनोलॉलसारख्या, तसंच सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी होऊ शकते. पेशंट बोलत नाही, गोळी मात्र गुपचूप बंद करतो. पुढच्या महिन्यात बीपी वाढलेलं दिसतं आणि आपण त्याला मीठ कमी करायला सांगतो. ताठरता न येणं हे कधीकधी हृदयविकाराचं आधीच दिसणारं लक्षणही असतं, म्हणून तक्रार हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पुरुषाला सॉर्बिट्रेट (ही नायट्रेट गटातली गोळी) देण्याआधी “गेल्या दोन दिवसांत संबंधासाठी कुठली गोळी घेतली का?” हे विचारलंच पाहिजे. ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. बीपी धोकादायक खाली जातं. बायको शेजारी उभी असेल तर तो “नाही”च म्हणेल, तेव्हा तिला आधी केस पेपर काढायला पाठवा.

“अशक्तपणा आहे” म्हणणाऱ्या पुरुषाला लगेच व्हिटॅमिनवर काढू नका, नेमकं काय होतंय ते एकदा विचारा. तरुण असेल तर बऱ्याचदा धातू जाण्याची भीती निघते.

राहता राहिली गुप्तता. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तपासणीआधी पेशंटची संमती लागते आणि संमतीशिवाय निकालही सहसा उघड करता येत नाही. फाइलच्या कव्हरवर लाल शाईत काही लिहू नका. सल्ला हवा असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन सांगा. आणि ड्युटी बदलताना ओव्हर देताय ना, तेव्हा हा भाग खाटेपाशी नको, नर्सिंग स्टेशनवर बोला.