‘कोड चालत नाहीये, अर्जंट’: ग्रुपवर प्रश्न विचारताना आणि नवख्याला उत्तर देताना या चुका टाळा

सबमिशनचा आठवडा आला की पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या किंवा क्लासच्या कोडिंग ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: ‘सर, कोड चालत नाहीये, प्लीज हेल्प, उद्या ओरल आहे.’ खाली लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो. तासभर कुणी काही बोलत नाही. मग एखादा सीनियर लिहितो, ‘आधी एरर वाचायला शिका.’ विचारणारा गप्प बसतो आणि त्या ग्रुपवर पुन्हा काही विचारत नाही.

याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण असे प्रश्न नीट पाहिले, तर बहुतेकांत एकच गोष्ट घडलेली दिसते. विचारणाऱ्याच्या समोर जे आहे, त्यातलं निम्मं वाटेत गळतं. ही गळती कुठे होते हे दोन्ही बाजूंना कळलं, तर तासभराचं काम पाच मिनिटांत होतं. म्हणून खाली विचारणाऱ्यांच्या चुका आहेत, तशा उत्तर देणाऱ्यांच्याही आहेत.

फोटो पाठवणं, आणि कोड मोबाइलवर टाइप करणं

फोटोतला कोड कॉपी करता येत नाही. मदत करणाऱ्याला तो चालवून बघायचा असेल, तर अख्खा हाताने टाइप करावा लागतो, आणि ते कुणी करत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे स्वल्पविराम आहे की पूर्णविराम, कंस साधा आहे की महिरपी, हे दिसत नाही. महिन्याभराने त्याच एररने दुसरा कुणी अडला, तर ग्रुपवर शोधूनही फोटोतला मजकूर सापडत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन प्रोग्रामरला तर फोटो म्हणजे कोरा मेसेज.

फोटो नको म्हणून कोड मोबाइलवर टाइप केला, तर नवी विघ्नं येतात. आयफोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करतो. तो कोड कुणी पायथनमध्ये चिकटवला, तर ‘इन्व्हॅलिड कॅरॅक्टर’ अशी दुसरीच एरर येते आणि मूळ अडचण बाजूला राहते. दोन हायफनची एक लांब रेघ होते, त्यामुळे कमांड बिघडते. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं, म्हणून ‘प्रिंट’चा पी मोठा पडतो आणि ‘नेम एरर’ येते. त्यात व्हॉट्सअ‍ॅप शब्दाभोवतीच्या तारकांना ठळक अक्षरांची खूण समजतं आणि अंडरस्कोरच्या जोडीला तिरक्या अक्षरांची. समोरच्याला अक्षरं दिसतात, खुणा दिसत नाहीत.

उपाय साधा आहे. लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब किंवा टेलिग्राम उघडा. कोडच्या आधी तीन बॅकटिक आणि नंतर तीन बॅकटिक टाका (कीबोर्डवर एस्केपच्या खाली, १ या आकड्याच्या डावीकडे असलेली खूण). त्यांच्यामध्ये चिकटवलेल्या कोडच्या खुणा आणि ओळींपुढची मोकळी जागा शाबूत राहते. पायथनमध्ये त्या मोकळ्या जागेवरच सगळं अवलंबून असतं. कोड तीसेक ओळींपेक्षा मोठा असेल, तर गिटहबच्या गिस्टवर टाकून लिंक द्या. हिंजवडीहून परतताना बसमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर वाचणारा माणूसही लिंक उघडून उत्तर देऊ शकतो. दोनशे ओळींचा मेसेज तो वर सरकवून टाकतो.

एरर अर्धीच पाठवणं, किंवा तिचं भाषांतर करणं

‘काहीतरी मॉड्यूलची एरर येते’ यातून काही हाती लागत नाही. ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’ असेल तर पॅकेज सापडत नाहीये. ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ असेल तर पॅकेज सापडलंय, पण आतली वस्तू सापडत नाही, आणि पुष्कळदा त्याचं कारण म्हणजे तुम्ही स्वतःच्याच फाइलला ‘रँडम डॉट पीवाय’सारखं लायब्ररीचं नाव दिलेलं असतं. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून एररचा मजकूर जसाच्या तसा हवा.

प्रश्न मात्र खुशाल मराठीत लिहा. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ पासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायला सुरुवात झाली, मग ग्रुपवर मराठीत विचारण्यात संकोच कसला? लातूर-नांदेडहून आलेली मुलं इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता नेमका तपशील गाळतात, हे वारंवार दिसतं. हकिगत मराठीत लिहा आणि एरर इंग्रजीत आहे तशी चिकटवा.

लांबलचक ट्रेस (एररपर्यंत कोड कुठून कुठून गेला ते दाखवणाऱ्या ओळी) आला तर कुठे बघायचं? पायथनमध्ये तळापासून वाचा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, आणि तिथून वर जाताना स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल, तिथे कुठे बिघडलं ते असतं. जावामध्ये, विशेषतः स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कमध्ये, शंभर ओळींचा ट्रेस सहज येतो. त्यातलं सर्वांत शेवटचं ‘कॉज्ड बाय’ शोधा, मग स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली ओळ शोधा. या दोन जागा आधी स्वतः वाचा आणि ट्रेस मात्र पूर्ण पाठवा.

आवृत्ती न सांगणं

ही गळती सर्वांत जास्त वेळ खाते, कारण चूक कुणाचीच दिसत नाही. क्लासच्या नोट्स जुन्या, व्हिडिओ जुना, लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर नवं. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याला किमान जावा १७ लागतं आणि जुनी ‘जावाएक्स डॉट पर्सिस्टन्स’ ही इम्पोर्ट आता ‘जकार्ता डॉट पर्सिस्टन्स’ झाली आहे. जावा ८ वर शिकलेला मुलगा जुन्या व्हिडिओबरहुकूम कोड लिहितो आणि प्रत्येक इम्पोर्टखाली लाल रेघ बघून स्वतःलाच दोष देतो. पायथनचंही तसंच. ३.१२ या आवृत्तीतून ‘डिस्टयूटिल्स’ हे पॅकेजेस बसवायला लागणारं जुनं मॉड्यूल काढून टाकलं आहे, म्हणून काही जुनी पॅकेजेस तिच्यावर बसता बसत नाहीत.

तीन गोष्टी पहिल्याच मेसेजमध्ये द्या: ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती, अडलेल्या लायब्ररीची आवृत्ती. आवृत्ती आठवून सांगू नका. कमांड चालवा आणि छापून आलेली ओळ चिकटवा.

चांगला प्रश्न साधारण असा दिसतो:

‘विंडोज ११, पायथन ३.१२, व्हीएस कोड. सीएसव्ही फाइल पांडाजने वाचायची आहे. पहिल्याच ओळीवर “नो मॉड्यूल नेम्ड पांडाज” येतं. पिपने इन्स्टॉल केलं तेव्हा “सक्सेसफुली इन्स्टॉल्ड” आलं होतं, पिप लिस्टमध्येही नाव दिसतं. मग फाइल चालवताना का सापडत नाही?’

यावर जाणकार लगेच ओळखतो की लॅपटॉपवर दोन पायथन आहेत, पिपने (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) एकात माल भरला आणि फाइल दुसऱ्याने चालवली. विंडोजवर ‘पीवाय’पुढे हायफन शून्य लिहिलं, की बसवलेल्या पायथनांची यादी येते. व्हीएस कोडमध्ये पायथनची फाइल उघडी असताना खाली उजवीकडे निवडलेलं पायथन दिसतं आणि तिथे क्लिक करून ते बदलता येतं. यापुढे नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन हायफन एम पिप इन्स्टॉल’ लिहायचं, म्हणजे जो पायथन बोलावला त्याच्यातच पॅकेज जातं. एका मेसेजमध्ये प्रश्न सुटला, कारण त्यात काही गळलं नव्हतं.

खरं काम सोडून मधल्याच पायरीबद्दल विचारणं

‘लूपमध्ये व्हेरिएबलचं नाव कसं बदलायचं? मार्क१, मार्क२, मार्क३ असं साठपर्यंत हवंय.’ याचं सरळ उत्तर देता येतं, पण देऊ नये. त्या मुलीला साठ विद्यार्थ्यांचे गुण साठवायचे आहेत आणि तिला लिस्ट किंवा डिक्शनरी हवी आहे. तिने आधी स्वतःच एक वाट ठरवली, ती वाट अडली आणि प्रश्न फक्त त्या अडथळ्याचा आला. विचारताना ‘मला शेवटी हे करायचंय, म्हणून असं करून बघितलं’ एवढं एक वाक्य घाला. उत्तर देणाऱ्याला असा चमत्कारिक प्रश्न दिसला, तर त्याने विचारावं, ‘हे कशासाठी हवंय?’ शब्द तेच असले तरी सूर चौकशीचा हवा, उलटतपासणीचा नको.

चारशे ओळींचा प्रोजेक्ट असेल, तर त्याची प्रत काढा आणि तिच्यातला निम्मा भाग उडवा. एरर अजून येते? पुन्हा निम्मा उडवा. गेली? मग दोष उडवलेल्या भागाशी जोडलेला आहे, तो परत घ्या. असं पाच वेळा केलं की बारा-तेरा ओळी उरतात. तेवढं करता करता पुष्कळांना चूक स्वतःलाच सापडते.

‘हाय सर’

नुसतं ‘हाय’, ‘कुणी आहे का?’, ‘जावा येतं का कुणाला?’ लिहून थांबू नका. पूर्ण प्रश्न एकदम टाका. रात्री दीडला विचारलं, तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वाट बघा. एकच प्रश्न चार ग्रुपवर टाकला असेल तर तसं सांगा, नाहीतर चौघं तेच काम करत बसतात. आणि सगळ्यांनाच ‘सर’ किंवा ‘भावा’ म्हणू नका. उत्तर देणाऱ्यांत मुलीही असतात. नाव माहीत नसेल, तर संबोधनाशिवाय ‘कृपया बघाल का?’ पुरतं.

आता उत्तर देणाऱ्यांच्या चुका

पहिली चूक म्हणजे ‘गुगल करा’. ज्याला एररमधला कोणता शब्द शोधायचा हेच कळत नाही, त्याला गुगलचा उपयोग नाही. शोधायला लावायचंच असेल, तर शब्द द्या: ‘एररची शेवटची ओळ कॉपी करा, त्यातला तुमच्या फोल्डरचा पत्ता काढा, उरलेलं अवतरणचिन्हांत घालून शोधा.’ हे त्याला पुढे जन्मभर पुरेल.

दुसरी, एका दमात पाच गोष्टी मागणं. ‘व्हर्जन, लॉग, कॉन्फिग, स्क्रीनशॉट, रेपो सगळं दे’ म्हटलं की नवखा घाबरतो आणि काहीच देत नाही. एका वेळी एकच मागा आणि ती कशी मिळवायची तेही लिहा: ‘टर्मिनलमध्ये ही कमांड टाका, एंटर दाबा, जे छापून येईल ते इथे चिकटवा.’

तिसरी चूक धोक्याची आहे: एरर गप्प करणारं उत्तर देणं. उबुंटू २३.०४ पासून पिपने थेट पॅकेज बसवायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ येतं. कुणीतरी लगेच सांगतं, ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय जोडा. एरर जाते, पण सिस्टिमची स्वतःची साधनं ज्या पायथनवर चालतात त्यातच ढवळाढवळ होते, आणि ती बिघडली तर नवख्याला दुरुस्त करता येत नाही. योग्य उत्तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनचं) आहे: ‘पायथन३-व्हीएन्व्ह’ हे पॅकेज बसवा, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एन्व्हायर्नमेंट बनवा, ती चालू करा, मग पिप वापरा. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. त्या लिहाच.

गिटच्या (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) बाबतीत हाच उतावळेपणा दुसऱ्याचं काम पुसतो. पुश नाकारलं म्हणून ‘फोर्स पुश करून टाका’ सांगितलं, की ग्रुप प्रोजेक्टमधल्या जोडीदाराचे कमिट (नोंदवलेले बदल) शाखेवरून नाहीसे होतात. आधी पुल करून बदल एकत्र करायला सांगा. ‘रीसेट हार्ड’ सुचवण्याआधी विचारा, ‘सगळं कमिट केलंय का?’ कमिट केलेलं बहुधा रिफ्लॉगमधून (गिटने ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीतून) परत मिळतं. स्टेजही न केलेलं (‘गिट अ‍ॅड’ने न निवडलेलं) काम गिटकडे कधी गेलेलंच नसतं, ते मिळत नाही.

चौथी चूक, एआयचं उत्तर स्वतः न चालवता चिकटवणं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीच्या उत्तरांना बंदी केली. चूक असूनही ती उत्तरं बरोबर दिसतात आणि तपासणाऱ्यांवर भार पडतो, हे कारण होतं. नवख्याला तर ती तपासताच येत नाहीत. चालवून बघितलं असेल तर तसं लिहा, कोणत्या आवृत्तीवर तेही लिहा.

पाचवी, ‘पर्सनलवर या’. तिथे दिलेलं उत्तर बाकीच्यांना मिळत नाही आणि चुकलं तर सुधारणारं कुणी नसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर दिसतो. मुलीने प्रश्न विचारला म्हणून तिला परस्पर मेसेज करणं हे मदतीच्या नावाखाली चालणारं अतिक्रमण आहे, आणि अ‍ॅडमिनने ते पहिल्याच वेळी थांबवावं.

चिडून काही लिहावंसं वाटलं तर थांबा. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची आरएफसी १८५५ ही टिपणी ऑक्टोबर १९९५ ची आहे, आणि भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर थांबून पाठवा असं ती तेव्हाच सांगते.

सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण कोड मागणाऱ्याचं काय करायचं? पूर्ण कोड देऊ नका. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) एकच ओळ बदलून ‘आता काय होईल?’ विचारतात आणि तिथे तो अडतो. अडलेली एक पायरी समजावून सांगा, पुढची त्याला लिहू द्या.

गुपितं ग्रुपवर टाकणं

कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड किंवा क्लाउडची की राहिली असेल, तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ पुरत नाही. कुणीतरी ती वाचलेली किंवा कॉपी केलेली असू शकते. गिटहबवर गेली असेल, तर पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहते. की आधी रद्द करा, नवी काढा, मग बाकीची साफसफाई. खराडी-हिंजवडीच्या नोकरदारांनी कंपनीचा कोड तर टाकूच नये. तीच अडचण दाखवणारा दहा ओळींचा वेगळा नमुना बनवावा, खऱ्या ग्राहकांची नावं आणि नंबर काढून.

सुटल्यावर नुसतं ‘झालं, थँक्स’

कसं सुटलं ते दोन ओळींत लिहा, मूळ प्रश्नालाच रिप्लाय करून: ‘दोन पायथन होते. व्हीएस कोडमध्ये ३.१२ निवडलं, “पायथन हायफन एम पिप”ने पांडाज पुन्हा बसवलं, आता फाइल वाचली जाते.’ आणि त्यात एररमधले शब्दही असू द्या. पुढच्या सेमिस्टरचा मुलगा ग्रुपवर नेमके तेच शोधणार आहे.