ढगाळ हवेत शैवालाच्या टाकीत युरिया टाकू नका

पावसाळी हवा चार दिवस बसली की कोकणातल्या कोळंबीच्या हॅचऱ्यांत (पिल्लं तयार करायच्या केंद्रांत) ठरलेला प्रकार घडतो. पिल्लांना खायला घालायच्या कीटोसेरॉसची, म्हणजे डायटम जातीच्या सूक्ष्म शैवालाची, टाकी वाढेना, मालक म्हणतो खत कमी पडलं, आणि मूठभर युरिया पाण्यात जातो. टाकी तरीही हलत नाही, कारण कमी पडलेला असतो उजेड. न उचललेला नत्र पाण्यातच राहतो आणि शैवालाबरोबर झोइयाच्या (कोळंबीच्या कोवळ्या पिल्लांच्या) टाकीत ओतला जातो. पिल्लं खायची थांबली की दोष बियाण्याला.

आधी रंग पाहा. पेशींची संख्या अडकली पण रंग गडद तपकिरी आहे? नत्र पुरेसा आहे. ट्यूबलाइट वाढवा, टाकीतलं पाणी उथळ करा, वरून खत घालू नका. चांगलं ऊन असूनही रंग फिका, पिवळट पडतोय, तर मात्र नत्र संपला. अशा उपाशी पेशींत प्रथिनं घटतात, चरबी आणि कर्बोदकं साठतात. कल्चर दाट दिसतं, पोसत नाही. म्हणून वाढ जोरात असतानाच काढा, जुनं होऊ देऊ नका.

गिलार्डच्या एफ-बाय-टू (शैवालासाठीचं ठरलेलं खत-मिश्रण) प्रमाणे १००० लिटरला:
- सोडियम नायट्रेट ७५ ग्रॅम
- सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ ग्रॅम
- सोडियम मेटासिलिकेट ३० ग्रॅम (फक्त डायटमला)
- लोह-ईडीटीए (पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह), सूक्ष्मद्रव्यं, जीवनसत्त्वं नेहमीप्रमाणे

ढग हटेपर्यंत मी नायट्रेट निम्मंच देतो. हा माझा आडाखा, पुस्तकातला डोस नव्हे.

अमोनियम सल्फेट स्वस्त आहे आणि शैवाल ते आधी उचलतं, हे खरं. पण ऊन पडलं की दुपारी पीएच ९ वर जातो, आणि तिथे अमोनियमचा मोठा हिस्सा विषारी अमोनिया होतो. गोणीतल्या युरियाला तर २०१५ पासून कडुनिंबाचा लेप असतो. कीड मारणारं ते तेल कोळंबीच्या पिल्लांजवळ कशाला? ‘डायटम बूस्टर’च्या बाटल्याही डोळे झाकून घेऊ नका. नत्र किती टक्के ते लेबलवर छापलेलं नसेल, तर दुकानदार कितीही गोड बोलो, परत करा.

खाडीचं पाणी पावसाने गोडं होतं. भरण्याआधी क्षारता मोजा. आणि शैवाल पिल्लांना देण्याआधी, रोज, किटवर अमोनिया पाहा. रंग चढला तर ती टाकी त्या दिवशी देऊ नका.