एडिनबर्गमधला प्रेतचोरांचा इतिहास पायी कसा बघायचा

एडिनबर्गला गेलं की बरेच जण रात्रीची भुताची टूर बुक करतात, प्रेतं विकण्यासाठी माणसं मारणाऱ्या बर्क आणि हेअर या जोडगोळीची गोष्ट ऐकतात, जरा घाबरतात आणि परत येतात. माझं ऐकाल तर दिवसा जा, स्वतःचं स्वतः फिरा, अर्धा-पाऊण दिवस पुरतो, आणि सुरुवात बर्कच्या सांगाड्यापासून करू नका, कबरींपासून करा. त्या दोघांनी कबरी उकरल्याचा पुरावाच नाहीये, ते थेट खून करत होते, पण प्रेतं विकत घेणारं गिऱ्हाईक तयार झालं ते आधीच्या प्रेतचोरांमुळे, म्हणून क्रम महत्त्वाचा.

पहिलं सेंट कथबर्ट चर्च, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला. तिथल्या दफनभूमीच्या कोपऱ्यात एक गोल दगडी बुरूज दिसेल, १८२७ चा, तो पहाऱ्यासाठी बांधलेला. कशाचा पहारा, तर गाडलेल्या माणसांचा! शहरात शरीररचना शिकवणाऱ्या खासगी शाळा जोरात चालत होत्या, विद्यार्थ्यांना डिसेक्शनला, म्हणजे चिरफाड करून शिकायला, बॉडी हवी, आणि कायद्याने मिळायच्या त्या फारच कमी, मग रात्री ताज्या कबरी उकरून प्रेतं विकणारे लोक आले. कबर उकरणं गुन्हा होताच, पण प्रेत कोणाच्या मालकीचं धरत नसत, म्हणून ते नेणं चोरीत बसायचं नाही आणि अंगावरचं कफन नेलं तर मात्र बसायचं, त्यामुळे कफन परत खड्ड्यात टाकून नुसता देह न्यायचे. हे एकदा डोक्यात ठेवून बुरुजाकडे बघा, वेगळाच दिसतो.

तिथून किंग्ज स्टेबल्स रोडने खाली उतरून वेस्ट पोर्टला या. टॅनर्स क्लोज, जिथे हेअरचं लॉजिंग होतं, ती गल्ली आता राहिलेली नाही, त्यामुळे शोधत बसू नका, पण रस्त्यावर दोन मिनिटं थांबा. नोव्हेंबर १८२७ मध्ये तिथे एक म्हातारा भाडेकरू आजारपणाने वारला, त्याच्याकडून ४ पौंड येणं बाकी होतं, तर या दोघांनी पेटीत झाडाची साल भरून ती पुरायला दिली आणि प्रेत डॉक्टर रॉबर्ट नॉक्सच्या शरीररचनेच्या शाळेत ७ पौंड १० शिलिंगला विकलं. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षभरात त्यांनी १६ माणसं मारली.

मग ग्रासमार्केटवरून चढून ग्रेफ्रायर्स दफनभूमी. सगळे तिथे मालकाच्या कबरीपाशी बसून राहिल्याची गोष्ट सांगतात त्या बॉबी कुत्र्याची आठवण बघायला येतात, तुम्ही आत जाऊन जमिनीलगतचे लोखंडी पिंजरे शोधा, त्यांना मॉर्टसेफ म्हणतात, दोन आहेत. काही आठवडे कबरीवर हा पिंजरा ठेवायचा, आतला देह कुजून डिसेक्शनच्या कामाचा राहिला नाही की काढून दुसऱ्यासाठी वापरायचा. म्हणजे आपल्या आईबापाचा देह लवकर नासावा याची घरचे वाट बघत होते, आणि हे परवडणारे तरी होते, गरिबाला रात्रभर स्वतः राखण बसावं लागायचं. मला इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पुढे निकोलसन स्ट्रीटवर सर्जन्स हॉल म्युझियम, तिकीट आहे. तिथे बर्कच्या कातड्याचं छोटं पाकीट ठेवलंय. त्याला २८ जानेवारी १८२९ ला लॉनमार्केटमध्ये फाशी झाली आणि नंतर त्याचंच जाहीर डिसेक्शन केलं, हेअर मात्र माफीचा साक्षीदार होऊन सुटला, नॉक्सवर खटलासुद्धा झाला नाही. सांगाडा युनिव्हर्सिटीच्या ॲनाटॉमिकल म्युझियममध्ये आहे, ते रोज उघडं नसतं, तारखा आधी बघूनच प्लॅन करा. दोन्हीकडे फोटो काढू नका, नियम असो नसो, समोर आहेत ती माणसं आहेत.

१८३२ मध्ये ॲनाटॉमी ॲक्ट आला आणि ही चोरी हळूहळू बंद पडली, पण कशी, तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना काम देऊन ठेवायच्या घरांत, मेलेल्या आणि कोणी न नेलेल्या गरिबांचे देह शाळांना द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे बेवारस प्रेतं मेडिकल कॉलेजला देण्याची सोय करणारा १९४९ चा मुंबई ॲनाटॉमी ॲक्ट त्याच वळणाचा आहे, त्यामुळे देहदानाचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

शेवटी चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम, फुकट आहे, पण पाचला बंद होतं म्हणून चारच्या आत पोचा. तिथे बोटभर लांबीच्या लाकडी शवपेट्या आहेत, आत कपडे घातलेल्या छोट्या बाहुल्या. १८३६ मध्ये आर्थर्स सीट टेकडीवर ससे पकडायला गेलेल्या पोरांना कपारीत १७ सापडल्या, आज ८ उरल्यात. १६ खून आणि तो पहिला म्हातारा मिळून १७, म्हणून कोणीतरी त्या मेलेल्यांना रीतसर पुरायला केल्या असतील असा एक तर्क आहे. पण बाहुल्यांचे कपडे सगळे पुरुषी आणि मारलेल्यांत १२ बायका होत्या, हे माहीत असूनही मी त्या काचेसमोर उभी राहून १७ पर्यंत मोजते.